मेटल हेड आणि मे महिन्याची हवा

विजेवर चालणारं, ३२५ मिलिमीटर लांबीच्या पात्यांचं मॉडेल हेलिकॉप्टर छंदवाल्यांमध्ये '४५०' या नावाने ओळखलं जातं. बॅटरीसकट त्याचं वजन ८०० ग्रॅमच्या आसपास भरतं. दिसायला खेळणं, पण त्याचा वरचा पंखा मिनिटाला २८०० फेरे घेऊ लागला की पात्याचं टोक ताशी ३७० किलोमीटरच्या वेगाने फिरत असतं. ३५ ग्रॅमच्या एकेका पात्याला त्या वेगात बाहेरच्या बाजूला ओढणारा जोर हिशेबाने ६० किलोच्या घरात जातो. मोंढ्यावर आलेला सोयाबीनचा एक भरलेला कट्टा त्या पातळ पात्याला बांधावा, दुसऱ्या पात्याला दुसरा, असा हा प्रकार. ही सगळी ओढाताण मधला काही मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा आणि त्यावरची बेअरिंगं सोसत असतात.

या दांड्यापासून शेपटीच्या पंख्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक भाग बाजारात 'अपग्रेड' म्हणून वेगळा विकत मिळतो. पाती धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या हेडऐवजी सीएनसी मशीनवर कातलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हेड, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पात्यांऐवजी कार्बन फायबरची पाती, पात्यांचे कोन बदलणाऱ्या, प्लास्टिकच्या दात्यांच्या सर्वोऐवजी धातूच्या दात्यांचे सर्वो, जास्त 'सी' रेटिंगची, म्हणजे जास्त करंट देण्याचा दावा करणारी बॅटरी. यातले बरेच भाग मूळ कंपनीचे नसतात. दुसराच कारखाना त्याच मापाचे बनवून विकतो. जास्त ताकद, जास्त अचूकता, जास्त आयुष्य ही आश्वासनं सगळ्यांचीच असतात. ती खरी किती, हे घरच्या घरी, थोड्या खर्चात तपासता येतं. फक्त तपासणी शिस्तीने करावी लागते.

छंदातून शेतात

रेडिओच्या लहरींवर चालणारं, खऱ्या हेलिकॉप्टरसारखं काबूत राहणारं मॉडेल १९६०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत डिटर श्ल्यूटर यांनी यशस्वी केलं. खरी अडचण उडण्याची नव्हती, एका जागी स्थिर राहण्याची होती. त्यासाठी मुख्य पात्यांना काटकोनात एक दांडी आणि तिच्या टोकांना छोटी वल्ही बसवलेली असत. तिला फ्लायबार म्हणतात. पुढे तिचं काम तीन अक्षांचे इलेक्ट्रॉनिक जायरो करू लागले आणि दांडी गेली. फ्लायबार काढून इलेक्ट्रॉनिक जायरो बसवणं हा या छंदातला आजवरचा सर्वांत मोठा अपग्रेड म्हणता येईल.

जपानने हे यंत्र शेतात नेलं. यामाहा कंपनीचं 'आर-५०' हे २० किलो भार उचलणारं मानवरहित हेलिकॉप्टर १९८७ साली आलं, १९९७ साली त्याच्या पुढचं 'आरमॅक्स' आलं आणि भातशेतीवरची फवारणी वरून होऊ लागली. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने आरमॅक्सला शेतीकामाची परवानगी दिली ती २०१५ साली. भारतात हेच काम बहुपंखी ड्रोनकडे आलं. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं ठरलं. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. त्याआधी ९ फेब्रुवारी २०२२ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली होती. सुटे भाग मात्र मोकळे ठेवले. त्यामुळे बाहेरून आलेला सुटा भाग किती विश्वासाचा, हा प्रश्न आता छंदापुरता उरलेला नाही. तुटलेल्या पंख्याच्या जागी दुसऱ्या कंपनीचा पंखा बसवणाऱ्या फवारणी ड्रोनवाल्यालाही तो सोडवावाच लागतो.

शिरूरची हवा काय करते

लातूर जिल्ह्यातलं शिरूर अनंतपाळ बालाघाटच्या पठारी भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर येतं. सोयाबीनची रास झाली की रिकामी रानं मिळतात आणि मॉडेल उडवायला ऐसपैस जागा होते. तपासणीचा पहिला धडाही इथली हवाच देते.

डिसेंबरातल्या पहाटे, तापमान १२ अंश असताना, या उंचीवर एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१५ किलो भरतं. मे महिन्यात भर दुपारी, ४१ अंशांना, तेच १.०५ किलोवर येतं. म्हणजे उन्हाळ्यातली दुपारची हवा हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा ९ टक्क्यांनी पातळ. हेलिकॉप्टर हवा खाली ढकलूनच वर राहतं. हवा पातळ झाली की तेवढंच वजन तोलायला ती जास्त वेगाने ढकलावी लागते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनतेच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात वाढते. हिशेब केला तर ही वाढ सुमारे ५ टक्के येते.

आता समजा, कोणी जानेवारीत जुन्या पात्यांनी उड्डाणाची वेळ मोजली, एप्रिलमध्ये नवी पाती बसवली आणि पुन्हा मोजली. नवी पाती खरोखर ५ टक्क्यांनी चांगली असली, तरी घड्याळात काहीच फरक दिसणार नाही. चांगली पाती 'पैसे वाया' म्हणून पेटीत जातील. उलट क्रमाने, म्हणजे जुनी पाती मे महिन्यात आणि नवी डिसेंबरात तपासली, तर अगदी सामान्य पात्यांचाही उदोउदो होईल. त्यातच लिथियम पॉलिमर बॅटरी थंडीत जरा आखडते आणि उबेत मोकळेपणाने करंट देते, त्यामुळे हवा एकीकडे ओढते आणि बॅटरी दुसरीकडे. या गुंत्यातून निव्वळ आठवणीच्या भरवशावर निष्कर्ष काढता येत नाही.

उपाय सोपा आहे. एकाच सकाळी, वारा पडलेला असताना आधी जुना भाग लावून उडवायचं, मग नवा लावून, आणि पुन्हा जुना लावून. तिसरी पायरीच बहुतेक जण गाळतात. तिसऱ्या खेपेला जुन्या भागाने पहिल्या खेपेसारखाच आकडा दिला, तर मधला फरक नव्या भागाचा. जुन्याचाच आकडा बदलला, तर त्या सकाळी हवा, बॅटरी किंवा मोटारीची गरमी बदलली, एवढंच सिद्ध झालं. एका वेळी एकच भाग बदलायचा, हा नियम तर बारावीच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या लातूरच्या कोणत्याही पोराला पाठ असतो. पण पार्सल एकदम येतं, त्यात हेड, पाती आणि सर्वो एकत्र असतात, आणि हात आवरत नाहीत.

काटा, घड्याळ, चार्जर

तपासणीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. सोनं तोलायच्या धर्तीचा छोटा डिजिटल काटा पुरतो. भाग पाकिटातून काढला की पहिलं काम वजन करण्याचं, कारण धातूची किंमत हवेत वजनाने मोजावी लागते. मॉडेल ८०० ग्रॅमचं असेल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागांनी त्यात २५ ग्रॅमची भर पडली, तर वाढ ३ टक्क्यांची दिसते. पण वजन तोलायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घातानुसार वाढते. म्हणजे ती वाढते ४.७ टक्के. चकचकीत हेडची ही किंमत जवळजवळ मे महिन्याच्या दुपारइतकी आहे.

शक्तीचा खर्च मोजायला चार्जरच उपयोगी पडतो. बॅटरी पूर्ण भरायची, मॉडेल डोळ्यांच्या उंचीच्या जरा वर एका जागी चार मिनिटं तोलून धरायचं, उतरवायचं, आणि पुन्हा पूर्ण भरताना चार्जरने किती मिलिअँपिअर-तास परत घातले ते लिहून ठेवायचं. एकाच दिवशी, एकाच बॅटरीवर केलं तरी दोन उड्डाणांचे आकडे हुबेहूब येत नाहीत. म्हणून प्रत्येक भागाला चार-पाच उड्डाणं द्यायची आणि आकड्यांचा आपसातला फरक पाहायचा. जुन्या भागाचेच आकडे एकमेकांपासून ४ टक्क्यांनी हलत असतील, तर नव्या भागाने दाखवलेली २ टक्क्यांची बचत बचत म्हणून धरता येत नाही.

पंख्याचा वेग मोजायला प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर मिळतो. पात्यांची सावली किती वेळा पडते ते तो मोजतो. तो खरा की खोटा, हे ठरवायची युक्ती घरातच आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. टॅकोमीटर 'दोन पाती' या सेटिंगवर ठेवून अशा ट्यूबकडे रोखला, तर त्याने मिनिटाला ३००० फेरे दाखवायला हवेत. दाखवले, तर यंत्र ठीक. याच कारणाने ट्यूबच्या उजेडात पंख्याचा वेग कधीच मोजू नये; पंखा थांबलेला असला तरी आकडा ३००० येऊ शकतो.

वेग मोजण्यावर एवढा भर का, ते पिनियनच्या उदाहरणावरून कळतं. मोटारीवरच्या छोट्या दातेरी चाकाला १३ दाते आणि मोठ्या चाकाला १५० दाते, अशी जोडी '४५०' वर्गात आढळते. पिनियन १४ दात्यांचं बसवलं की पंख्याचा वेग ७.७ टक्क्यांनी वाढतो आणि उडवणाऱ्याला मॉडेल लगेच चपळ वाटतं. पण पात्यांनी हवा कापताना होणाऱ्या घर्षणावर खर्च होणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ती २५ टक्क्यांनी चढते. मोटार तापते, बॅटरी लवकर बसते. आता याच सुमारास कोणी महागडी बॅटरीही घेतली असेल, तर चपळाईचं श्रेय बॅटरीला मिळतं, आणि मोटार जळाली की दोष मोटारीच्या कंपनीला.

एक ग्रॅमचा हिशेब

पात्यांची तपासणी उडवण्याआधी सुरू होते. नवी जोडी काट्यावर ठेवायची. दोन्हींचं वजन सारखं हवं. तेवढ्याने भागत नाही, वजनाचा मध्यही सारख्या अंतरावर हवा. एक ग्रॅमचा फरक पंख्याच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर असेल, तर २८०० फेऱ्यांना तो सुमारे पावणेदोन किलोचा हिसका देतो, तोही सेकंदाला ४६-४७ वेळा. हा हिसका आधी जायरोला गोंधळात टाकतो, मग स्क्रू सैल करतो, आणि शेवटी कुठल्या तरी दांड्याला तडा देतो. दोन्ही पाती मुळाशी एकाच बोल्टने जोडून आडवी तोलायची आणि हलक्या बाजूला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, एवढ्यावर हा दोष जातो.

पुढची पायरी ट्रॅकिंगची. दोन पात्यांच्या टोकांना दोन रंगांच्या पट्ट्या लावून, लांब उभं राहून, डोकं पंख्याच्या पातळीत न आणता, फिरता पंखा बाजूने पाहायचा. दोन चकत्या वर-खाली दिसल्या, तर एक पातं जास्त कोनात आहे. त्याची जोडदांडी अर्धा-एक फेरा फिरवून दुरुस्त करायची. कार्बनच्या पात्यांनी मॉडेल 'थरथरतं' अशी तक्रार ज्यांची असते, त्यांच्यातल्या अनेकांनी नेमकं हेच केलेलं नसतं.

पातं धरणाऱ्या मुठीतलं थ्रस्ट बेअरिंग हा असाच एक जिन्नस. साधं बॉल बेअरिंग दांड्याच्या आडव्या दिशेचा भार सोसतं. पातं बाहेर ओढणारे ६० किलो दांड्याच्या रेषेतच असतात, त्यासाठी थ्रस्ट बेअरिंग लागतं. त्यात गोळ्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक चकती असते. दोन्ही चकत्या सारख्या दिसतात, पण एकीचं छिद्र किंचित मोठं असतं. मोठ्या छिद्राची चकती आत, पंख्याच्या मध्याकडे, आणि लहान छिद्राची बाहेर, हा क्रम. उलट बसवली की मूठ जड फिरते, बेअरिंग कोरडं घासतं आणि काही उड्डाणांत खरखरू लागतं. आयतं जुळवून आलेलं मेटल हेडही म्हणून एकदा उघडावं, चकत्यांचा क्रम पाहावा, ग्रीस भरावं आणि मगच बसवावं.

धातूच्या भागात बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावायचं. प्लास्टिकला मात्र ते लागू द्यायचं नाही, काही प्लास्टिकं त्याने तडकतात. घट्ट केलेल्या स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत नखपॉलिशची एक रेघ ओढली, की उड्डाणानंतर रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला हे नजरेनेच कळतं.

धातू की प्लास्टिक

अ‍ॅल्युमिनियमचं हेड प्लास्टिकपेक्षा ताठ असतं, हे खरं. पात्याला दिलेला कोन वाकण्यात वाया जात नाही, आणि कसरती करणाऱ्याला त्याचा फरक जाणवतो. पण शिकाऊ माणसाचं मॉडेल आदळणारच. आदळल्यावर प्लास्टिकचा भाग तुटतो आणि धक्का तिथेच संपतो. अ‍ॅल्युमिनियमचा भाग न तुटता तोच धक्का पुढे मुख्य दांड्याकडे आणि गिअरकडे पाठवतो. वाकलेलं अ‍ॅल्युमिनियम नजरेला सरळ वाटू शकतं, हा त्यातला मोठा धोका. म्हणून आदळल्यानंतर हेडमधला आडवा दांडा सपाट काचेवर घरंगळवून पाहतात. तो लंगडला की टाकून द्यायचा. ठोकून सरळ करायचा नाही.

मराठवाड्यात यात काळ्या मातीची भर पडते. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, बारीक धूळ पंख्याच्या झोताने उडते आणि उघड्या बेअरिंगांत शिरते. धातूचा भाग घेतला तरी त्यातली बेअरिंगं झाकणाची नसतील, तर त्याचं आयुष्य वाढत नाही. उतरायला आणि उडायला एखादी ताडपत्री किंवा प्लायवूडचा तुकडा अंथरणं हा या भागातला सर्वांत स्वस्त अपग्रेड ठरावा. पडलेला स्क्रू भेगेत जाण्याचंही त्याने टळतं.

बॅटरीच्या बाबतीत पाकिटावरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर '३० सी' लिहिलं असेल, तर ती ६६ अँपिअर देते असा दावा होतो. तपासायचं ते भार पडल्यावर दाब किती घसरतो आणि उतरल्यावर बॅटरी किती तापलेली असते, हे. पूर्ण भरलेल्या प्रत्येक सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो; भाराखाली तो ३.३च्या खाली जाऊ लागला, की आकडा काहीही छापलेला असो, ती बॅटरी त्या मॉडेलला कमी पडते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही, आणि उन्हात उभ्या गाडीत कोणतीच बॅटरी ठेवायची नाही.

उभं कुठे राहायचं

ऑगस्ट २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी इथे पत्र्याची कामं करणाऱ्या एका तरुणाने स्वतः बांधलेलं, माणूस बसेल एवढं हेलिकॉप्टर सुरू करून पाहिलं. चाचणीत शेपटीच्या पंख्याचं पातं तुटून मुख्य पंख्यावर आदळलं, मुख्य पात्याने डोक्याला मार बसला आणि तो गेला. त्याने काय बांधलं याची चर्चा देशभर झाली; चाचणी कशी करायची याची फारशी झाली नाही. सप्टेंबर २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका बागेत १९ वर्षांचा तरुण आपल्याच मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यांनी दगावला होता. पंख्याचा आकार वेगळा असला तरी नियम एकच: तुटलेलं पातं पंख्याच्या पातळीत, बाहेरच्या दिशेला सुटतं. त्या पातळीत कोणाचंही डोकं असता कामा नये.

नवा भाग लावल्यावर पहिल्यांदा मुख्य आणि शेपटीची पाती काढून मोटार चालवायची आणि आवाज ऐकायचा. मग पाती लावून, किमान दहा मीटर लांबून, जमिनीवरच वेग हळूहळू वाढवायचा. ८०० ग्रॅमच्या मॉडेलमध्येही शेपटीचा पंखा मुख्य पंख्याच्या चौपटीहून जास्त वेगाने, मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. त्याच्या रेषेतही उभं राहायचं नाही. पाहायला जमलेली पोरं मागे, दूर. थांबवल्यावर हात लावून मोटार आणि बेअरिंगं किती तापली ते पाहायचं, नखपॉलिशच्या रेघा तपासायच्या, आणि मगच पहिलं उड्डाण.

कायद्याची बाजूही माहीत असलेली बरी. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचं मायक्रो गटात मोडतं. मायक्रो गटातलं यान धंद्यासाठी वापरायचं नसेल, तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेल्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत उडवायला वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. मात्र विमानतळाजवळ मर्यादा बदलतात, म्हणून उडवण्याआधी सरकारी नकाशा पाहावा.

पैसे मोजके असतील, तर खरेदीचा क्रम असा ठेवावा: आधी तोललेली चांगली पाती आणि झाकणाची बेअरिंगं, मग जायरो, मग बॅटरी. मेटल हेड सर्वांत शेवटी, तेही कसरती जमू लागल्यावर. आणि या सगळ्यांच्या आधी शंभर पानी एक वही घ्यावी. तारीख, वेळ, तापमान, वारा, भागाचं वजन, पंख्याचा वेग, चार्जरचा आकडा अशा सात रकान्यांची. पुढचा भाग मागवायचा की नाही, ते जाहिरात वाचून ठरवू नका; त्या वहीची मागची पानं उलटून ठरवा.